सुईखालच्या पट्ट्या

६ सप्टेंबर

आजच्या एका दुरुस्तीला खरं काय लागलं, ते लिहून ठेवतो. अडीच तास, दोन सुया, डाव्या अंगठ्याचं अर्धं नख, आणि घरी आल्यावर बायकोचं एक वाक्य: "मशीन त्यांचं, नख तुमचं." नख महिन्याभरात येईल. वाक्य राहणार.

काम शिलाई कारखान्यातलं. पंधरा दिवसांतलं हे तिसरं मशीन आणि दुखणं तेच. सुईखालची पत्री उचकटलेली, खाली कापडाचं तूस गच्च भरलेलं, सुई आपटून मोडलेली. तिथे कोणीतरी जड हाताची बाई बसवली आहे. चावीवाल्याला मी तसं बोललोही. चावीवाला म्हणजे तिथला मुकादम. कमरेला किल्ल्यांचा असा जुडगा की दोन खोल्या आधीच कळतं, स्वारी येतेय.

"कुठल्या टेबलावरचं आहे ते दाखव," मी म्हटलं. "तिला चार गोष्टी सांगतो, पुन्हा मोडायची नाही."

"टेबलावरचं नाही, उस्ताद. मागे गोदामात जादाची पडून असतात, त्यातलं."

पडून राहिलेल्या मशीनची सुई मोडते कशी, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण माझं निम्मं दुकान या एका कारखान्यावर चालतं. ओठांवर आलेलं गिळलं आणि पत्री खोलली.

काम करताना भिंतीपलीकडून कोणी गुणगुणत होतं. भाषा कळली नाही. चावीवाला म्हणाला, रेडिओ.

९ सप्टेंबर

चौथं मशीन. यावेळी आतला दोरा पकडणारा हुकच तुटला, म्हणून मशीनचं मुंडकं टेबलावरून उचलून दुकानात आणलं. आमचं दुकान दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत मी मशीनं उघडतो, बाहेर बायको कपडे शिवते, उसवते, बेतते. गिऱ्हाइकांना वाटतं दुकान माझं आहे. मी वाटू देतो.

पत्री काढली, चिमट्याने तूस उपसलं आणि खाली टाकलं. संध्याकाळी बायको केर काढत होती. ती केरसुणी भिंतीला टेकवून मध्येच उभी राहिली.

"अहो, हे तुम्ही टाकलंत?"

"तूस आहे."

"तूस शिवलेलं असतं का?"

बोटभर लांबीची अस्तराची पट्टी. घडी घालून घालून चपटी केलेली. उलगडली तर आत लाल दोऱ्याने शिवलेली एक चौकट, आणि चौकटीत उभ्या रेघा. बायकोने मोजल्या. तेरा.

मी म्हटलं, "नवीन मुलगी असेल. सरळ टाक्याचा सराव केला असेल."

बायकोने पट्टी दिव्याखाली धरली. "सराव करणारी प्रत्येक रेघ दोन्ही टोकांना मागे टाका घेऊन पक्की करत नाही. ज्याला उसवायचं नसतं तो असा टाका घेतो." मग पट्टी माझ्यापुढे करून, "चौकट बघा. चारही बाजूंनी बंद आहे. घर काढायला सांगितलं तर लहान पोरही दार काढतं."

मी हसण्यावारी नेलं. जेवताना ती मीठ द्यायची विसरली.

१० सप्टेंबर

मुंडकं परत बसवायला गेलो. मुद्दाम तास जास्त घालवला. चावीवाला चहा सांगायला गेला तेव्हा ताग्यांच्या फडताळात डोकं घालून मागच्या भिंतीला कान लावला.

मी दहाव्या वर्षी अशाच एका कारखान्यात फरशीवरचे दोरे वेचायला लागलो. मला कोणी शिकवलं नाही. टेबलांखाली रांगता रांगता ऐकून शिकलो. कोणतं मशीन तेल मागतंय, कोणाचा पट्टा सैल झालाय, कोणती बाई दमलीय, तेसुद्धा. दमलेल्या बाईचं मशीन वळणावर किंचित उशिरा थांबतं.

भिंतीपलीकडे मशीनं चालत होती. पडून राहिलेली नव्हेत, चालणारी. मी अकरा मोजली. सगळी वळणावर उशिरा थांबत होती. आणि त्या आवाजाखाली कोणीतरी खोकत होतं. लांबलेला, ओला खोकला.

रेडिओला खोकला येत नाही.

चहा आला. मी घेतला. गोड होता.

भिंतीला कान असतात म्हणे. या भिंतीला तोंड आहे, आणि मी महिनोन् महिने तिच्याकडे पाठ करून बसलो होतो. पण बोलू कोणाशी? उद्या कारखान्याने काम बंद केलं तर दुकानाचं काय? आणि माझ्या ऐकण्याला पुरावा काय? असं बरंच काही मी स्वतःला सांगितलं. स्वतःला पटवायला मला कधी फार वेळ लागत नाही.

१३ सप्टेंबर

बायकोने सांगूनही टाकलं.

वकीलबाई त्यांच्या काळ्या कोटाचं अस्तर बदलायला आल्या होत्या. मी आत होतो. बाहेर बायको त्यांच्या खांद्याचं माप घेता घेता, टाचण्या दातांत धरून, सगळं सांगून मोकळी झाली. मी बाहेर येईपर्यंत पट्टी वकीलबाईंच्या तळहातावर होती.

वकीलबाई बारक्या चणीच्या, आवाज मात्र भारदस्त. म्हणाल्या, "मिस्त्री, त्या भाषेचं गुणगुणणं कसं होतं, म्हणून दाखवा."

मी गाणारा माणूस नाही, पण सूर कानात असतात. म्हणून दाखवलं. बायकोने मान फिरवली, हसू लपवायला.

वकीलबाई हसल्या नाहीत. "परदेशातल्या बायका आहेत. दोन वर्षांपूर्वी एका दलालाने कामाचं आमिष दाखवून आणल्या आणि नंतर कोणाला दिसल्या नाहीत. त्यांच्या गावाकडून पत्रं आली आहेत माझ्याकडे. किती बायका, कुठे, काहीच कळत नव्हतं." त्यांनी पट्टीवरच्या रेघांवरून बोट फिरवलं. "तेरा."

"मला अकरा ऐकू आल्या," मी म्हटलं.

"मग दोघी मशीनवर नसतील," बायको म्हणाली. दोघींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू न ऐकू आलेल्या त्या दोघींना मीच कुठे ठेवलं असावं.

१८ सप्टेंबर

फजिती. वकीलबाईंनी कामगार खात्यात तक्रार केली, माझं नाव न देता. आज निरीक्षक गेले. नेमका मी तिथेच होतो, समोरच्या दालनात पट्टा बदलत.

निरीक्षक दारातून आत आले आणि दिवे गेले. चावीवाला ओरडला, "फ्यूज उडाला." सगळी मशीनं थांबली, भिंतीपलीकडचीही. निरीक्षकांनी विजेरीच्या उजेडात टेबलं मोजली. बावीस. परवाना बावीसचा. मागच्या भिंतीला कापडाच्या ताग्यांची फडताळं जमिनीपासून छतापर्यंत. निरीक्षकांनी एका ताग्यावर टकटक केलं. तागा काय उत्तर देणार.

ते गेले, आणि पाच मिनिटांत वीज आली.

मग मालकांनी मला वर बोलावलं. माझ्या मुलाच्या वयाचा माणूस, मला मिस्त्रीकाका म्हणतो. "मिस्त्रीकाका, कोणीतरी आपल्यावर जळतंय. तुमच्या कानावर काही आलं तर सांगाल ना? तुमचे कान तर शहरात प्रसिद्ध."

"म्हातारे झाले आता," मी म्हटलं.

"तसं नका म्हणू. म्हाताऱ्या कारागिराला काम कोण देतं?"

हसत बोलला. मीही हसलो. खाली येऊन अर्धा राहिलेला पट्टा बदलला.

बायकोला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती म्हणेल, आता सोडा. ती म्हणाली, "म्हणजे फ्यूज तिथेच आहे, चावीवाल्याच्या हाताशी. हे कळलं ना? मग वाया कुठे गेलं?"

१९ सप्टेंबर

कारखान्याकडून बोलावणं नाही. दिवसभरात एक कात्री धार लावायला आली.

२४ सप्टेंबर

बोलावणं आलं. मशीन तेच, पुन्हा पत्री उचकटलेली. चावीवाला शेजारी उभा होता म्हणून म्हटलं, हुक गेलाय, दुकानात न्यावं लागेल. पंचवीस वर्षांत गिऱ्हाइकाशी पहिल्यांदा खोटं बोललो. जमलं. वाईट वाटण्याइतकं सोपं गेलं.

दुकानात दार लावून पत्री काढली. यावेळी तूस खाली टाकलं नाही, कागदावर पसरलं. पट्टी होती. चौकट, बारा रेघा उभ्या, आणि तेरावी खाली आडवी पडलेली.

बायकोने हीही दिव्याखाली धरली. "ही झोपलेली नाही," म्हणाली. "आजारी आहे. खोकणारी तीच."

मग ती माझ्यावर उखडली. "त्या बाईने स्वतःच्या हाताने मशीन मोडलंय. दरवेळी. मोडल्याबद्दल तिला काय बोलणी बसत असतील, काय मार बसत असेल, देव जाणे. आणि तुम्ही तिला जड हाताची म्हणत होता."

खरं आहे. पत्रीचे स्क्रू मी आता नीट बघितले. कडेला एक ओरखडा नाही. इतक्या हलक्या हाताने मशीन मोडणं मलाही जमणार नाही.

लगेच वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "पट्टी बोलते, पण कोर्टात तिला वाचणार कोण? झडतीचा हुकूम मिळवायचा तर मला असं काही द्या, जे कोणालाही मोजता येईल."

मोजता येईल असं माझ्याकडे आहे, हे मला तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या सुचलं. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या पोटाखाली दाभणाने एक आकडा कोरतो. तोच आकडा माझ्या वहीत, तारीख आणि दुखण्यासकट. कोणी शिकवलेलं नाही, माझी स्वतःची खोड. उद्या कोणी म्हणालं, मिस्त्रीने बिघडवलं, तर आकडा दाखवायचा. दुकानात धावत जाऊन वही आणली. त्या कारखान्याची वेगवेगळी मशीनं मोजली.

पस्तीस.

"बावीस टेबलांच्या कारखान्यात पस्तीस मशीनं आजारी पडली," वकीलबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "मिस्त्री, तुम्ही स्वतःला वाचवायला लिहिलंत. चालतं. पुष्कळ चांगले पुरावे असेच जन्मतात."

२५ सप्टेंबर

हुकूम तीनचार दिवसांत मिळेल. पण फ्यूजचं काय? दिवे जाणार, मशीनं थांबणार, आतल्या बायकांच्या तोंडावर कोणी हात ठेवणार, आणि ताग्यांच्या फडताळांपुढे पुन्हा सगळे माना हलवत उभे राहणार. फडताळांतलं कुठलं सरकतं, मला माहीत नाही. वीस फुटांची भिंत आहे. सगळी उपसेपर्यंत मागच्या दाराने बायकांना गाडीत घालून नेलं तर?

वीज गेली तरी मशीनचं चाक हाताने फिरतं. पण माझ्या हाताखालून गेलेलं मशीन हाताने फिरवलं तर कुजबुजतसुद्धा नाही. चांगल्या कामाचा असाही तोटा असतो, हे आज कळलं.

म्हणून आज मी दुकानात आणलेलं तिचं मशीन बिघडवलं. चाकाच्या मागे पोलादाची पातळ चीप अशी बसवली की चाक सरळ फिरलं तर काही नाही, उलटं फिरवलं तर खट्ट. दाराची कडी आपटावी तसा आवाज. सरळ शिवणाऱ्याला पत्ता लागणार नाही. चाक उलटं कोणी फिरवत नाही, पहिल्याच दिवशी शिकवतात तसं.

तिला हे कळवणार कसं? बायकोने अस्तराची पट्टी घेतली. तेवढ्याच बोटभर जागेत चौकट शिवली, पण एका बाजूला दार उघडं ठेवून. बाहेर तेरा रेघा, सगळ्या उभ्या. शेजारी छोटं चाक, आणि त्यावर उलट्या दिशेचा बाण. प्रत्येक टोकाला मागे टाका.

"समजेल तिला?"

"तुम्हाला समजायला वेळ लागला," बायको म्हणाली. "ती शिवणारी आहे."

पट्टी पत्रीखाली ठेवली. मशीन पोचवलं. चावीवाल्याने माझ्यासमोर चालवून बघितलं, सरळ. "काय आवाज, उस्ताद. लोणी."

घरी येऊन पाणी प्यालो. इतकं खराब काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि इतक्या काळजीने कुठलंही केलं नव्हतं.

२९ सप्टेंबर

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर हात पुढे धावतो.

सकाळी अकरा. वकीलबाई, तेच निरीक्षक, पोलिसांची एक बाई अधिकारी आणि चार शिपाई, डॉक्टर. मशीनं ओळखायला म्हणून मी. आता नाव लपवण्यात अर्थ नव्हता. बायको पण आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण अडवायची हिंमतही कोणी केली नाही.

आम्ही आत पाऊल टाकलं आणि दिवे गेले.

"फ्यूज," चावीवाला म्हणाला.

निरीक्षक कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "तुमच्या फ्यूजला माझं वावडं दिसतंय."

मालक वरून उतरले. मला बघितलं. "मिस्त्रीकाका, तुम्ही?" एवढंच. मला वाटलं होतं मान खाली जाईल. गेली नाही.

मी सगळ्यांना हात करून थांबवलं. बावीस बायका टेबलांवर हात ठेवून बसलेल्या. शांत. इतकं शांत की चावीवाल्याच्या किल्ल्यासुद्धा ऐकू येत नव्हत्या. त्याने जुडगा मुठीत आवळून धरला होता.

काही नाही.

मी ताग्यांत डोकं घालून भिंतीला कान लावला. श्वाससुद्धा नाही. मला वाटलं, पट्टी सापडलीच नाही. सापडली पण बाण कळला नाही. कळला, पण तिच्या हातावर कोणाचा तरी हात आहे. मागच्या गल्लीत गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि बाई अधिकाऱ्यांनी दोन शिपाई तिकडे पळवले.

खट्ट.

माझ्या कानांची गरजच नव्हती. निरीक्षकांनी दचकून मान वळवली. टेबलांवरच्या बायकांनी वळवली. खट्ट. खट्ट. खट्ट. एकसारखं, घाई नाही, दारावर कोणी सभ्य माणसाने वाजवावं तसं. डावीकडून तिसऱ्या फडताळामागून.

"हे काय?" निरीक्षक म्हणाले.

"माझं खराब काम," मी म्हटलं.

फडताळ चाकांवर होतं. मागे लोखंडी दार, दाराला बाहेरून तीन कुलपं. बाई अधिकाऱ्यांनी चावीवाल्यापुढे हात पसरला. तो म्हणाला, किल्ली हरवलीय. बायको पुढे झाली आणि म्हणाली, "एवढ्यांतली एक हरवलेली तुला बरी आठवते." त्याने जुडगा काढून दिला.

दार उघडलं. आतली हवा बाहेर आली. तेल, घाम, ओला कपडा. खिडकी नव्हती. तेरा मशीनं, तेरा सतरंज्या. एक माणूस त्यांना गप्प ठेवायला मागच्या दाराने आत शिरला होता, तो भिंतीशी हात वर करून उभा. आणि एका मशीनपुढे बायकोच्या वयाची, जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक बाई चाक उलटं फिरवतच होती. दार उघडलं तरी थांबेना. बायकोने जाऊन तिच्या हातावर हात ठेवला तेव्हा थांबली.

मग त्या बाहेर आल्या. मी मोजत होतो, सगळेच मोजत होते. बारा चालत. तेरावीला डॉक्टर आणि एका शिपायाने उचलून आणलं. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर गेला असता तर मला बोलावून उपयोग नव्हता.

समोरच्या दालनातल्या बावीस बायका उठून उभ्या राहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसून शिवत होत्या त्या.

१ ऑक्टोबर

इतक्यात संपेल असं वाटलं होतं, तर नाही. पासपोर्ट मालकांच्या कपाटात सापडले, पण त्यांवरची मुदत कधीच संपली होती. परदेशी नागरिकांच्या कचेरीतला साहेब म्हणतो, मुदत संपली म्हणजे गुन्हा. आज संध्याकाळच्या विमानाने परत पाठवतो.

"कपाटात कुलूपबंद पासपोर्टाची मुदत त्यांनी कशी वाढवायची?" वकीलबाईंनी विचारलं.

"तो माझा प्रश्न नाही."

"मग हा तुमचा आहे." त्यांनी कागद ठेवला. आपल्या देशाने जगातल्या पुष्कळ देशांबरोबर सही केलेला करार आहे म्हणे. ज्यांना फसवून, डांबून राबवलं, त्यांना गुन्हेगार धरायचं नाही. आसरा द्यायचा, उपचार करायचे, आणि त्यांची साक्ष झाल्याशिवाय हलवायचं नाही. साहेबाने कागद दोनदा उलटसुलट केला. वर विचारावं लागेल, म्हणाला.

आम्ही बाकांवर बसून राहिलो. बायको त्या बाराजणींच्या मधोमध. चारला शिपाई म्हणाला, कचेरी बंद होते, बाहेरच्यांनी उठावं.

बायको म्हणाली, "यांच्यातली बाहेरची कोण, ते आधी ठरवा. मग उठते."

पाच वाजून दहा मिनिटांनी वरून उत्तर आलं. साहेबाने एकेकीच्या नावापुढे शिक्का मारला: पीडित, संरक्षणास पात्र. बारा शिक्के, आणि दवाखान्यातल्या तेरावीचा तेरावा. शिक्क्याचा आवाज मला तसा कधी आवडला नाही. आज प्रत्येक ठप्प कान देऊन ऐकला.

१४ मार्च

मध्ये बरेच महिने गेले. दुकान बंद पडलं नाही. समोरच्या दालनातल्या बावीसजणींनी घरची मशीनं माझ्याकडे आणायला सुरुवात केली, आणि त्यांच्या नणंदा-जावांनीही.

आज कोर्टात माझी साक्ष. बायकोने कोट इस्त्री केला, मी दोनदा दाढी केली.

मालकांचे वकील चिकट. "तुम्ही भिंतीला कान लावून किती मशीनं मोजलीत?"

"अकरा."

"आणि होती तेरा. म्हणजे तुमचे हे प्रसिद्ध कान दोन मशीनं चुकले."

"चुकले नाहीत साहेब," मी म्हटलं. "ती दोन मी जास्त चांगली दुरुस्त केली होती."

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशबाईंनी रुमाल तोंडाला लावला. मला स्फुरण चढलं. मी पुढे म्हणालो, "मशीनच्या आत काय चाललंय ते मला बाहेरून कळतं. पंचवीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या मशीनमधलं काहीही माझ्या नजरेतून किंवा कानांतून सुटलेलं नाही."

लिहून घेतलं त्यांनी. बाहेर आल्यावर वार्ताहरांनीही लिहून घेतलं. बायको बाजूला पाकीट धरून उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही, आणि मलाही तिचं नाव घ्यायचं सुचलं नाही. आत्ता लिहिताना सुचलं.

२ एप्रिल

निकाल. मालकांना चौदा वर्षं. चावीवाल्याला सहा. तेराजणींना दोन वर्षांची सगळी मजुरी आणि वर भरपाई. हवं त्यांना इथे राहायची मुभा, हवं त्यांना मानाने घरी जायची. आणि ज्या दलालाने त्यांना विकलं, तो परवा त्यांच्या देशात पकडला गेला. इथे दिलेले जबाब तिथल्या कोर्टाने मान्य केले. वकीलबाई म्हणाल्या, दोन देशांची कोर्टं एकमेकांचे कागद वाचायला लागली, की दलालांना झोप लागत नाही.

न्यायाधीशबाई निकाल वाचत होत्या तेव्हा दुभाषी हळूच सांगत होता आणि बातमी बाकावरून पुढे सरकत होती. पहिलीपासून तेरावीपर्यंत. तेरावी म्हणजे आजारी होती ती. आता चांगली गोबरी झाली आहे. तिच्यापर्यंत पोचली तेव्हा तिने ते गाणं सुरू केलं. भिंतीपलीकडचं. बारा आवाज मिसळले. पट्टेवाल्याने न्यायाधीशबाईंकडे बघितलं, त्यांनी मान हलवली: असू दे.

चष्मेवाली मोठ्या मानाची आहे, सगळ्या तिला थोरली म्हणतात त्यांच्या भाषेत. ती इथेच राहणार. बायकोने बाहेरच्या खोलीत दुसरं मशीन मांडायला जागा केली आहे. मला विचारलं नाही. माझं टेबल हातभर आत सरकलं आहे.

आज दोघी मिळून एका गिऱ्हाइकाचा कोट उसवत होत्या. एकमेकींची भाषा येत नाही, आणि बोलणं थांबत नाही.

४ एप्रिल

वकीलबाईंनी थोरलीच्या जबाबाचा आपल्या भाषेतला उतारा पाठवला. थोरली आता तुमच्याकडेच असते म्हणून, असं वर लिहिलं होतं. रात्रीच्या जेवणाआधी बायकोने मोठ्याने वाचला. थोरली शेजारी भाजी निवडत होती.

तिने लिहून दिलंय की पहिली पट्टी तिने गेल्या वर्षी फेब्रुवारीत घातली. मशीन बाहेर जातं आणि साफ होऊन परत येतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. साफ करणारा कोणीतरी माणूस असणार, एवढ्यावर तिने सात महिने मशीनं मोडली. बायकोला केरात सापडली ती सतरावी पट्टी.

बायकोने कागद खाली ठेवला. मी उठून वही काढली. आधीच्या सोळाही दुरुस्त्या वहीत आहेत. तारखा जुळतात. प्रत्येकीपुढे माझ्या अक्षरात एकच शेरा आहे: तूस अडकलं होतं, काढून टाकलं.